सासऱ्यांनी सुधारलेल्या मुलाखती

४ जानेवारी

सूनबाईने आज कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, फक्त शुद्धलेखन बघा हं. बाकी कशाला हात लावू नका." म्हटलं, बाकी कशाला हात लावणार, मी काय तुझा परीक्षक आहे? ती हसली आणि कामाला निघून गेली. दिवसभर ती एका दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांची नावं लिहिते आणि संध्याकाळी समाजकार्याच्या वर्गाला जाते. पस्तिशी उलटल्यावर पुन्हा अभ्यासाला बसणं खायचं काम नाही. आमचे चिरंजीव त्याच वयात टीव्हीपुढे घोरतात.

हे शेवटचं वर्ष. हा प्रकल्प पास झाला की मोठ्या रुग्णालयात समुपदेशकाची जागा तिला देऊ, असं तिथल्या मुख्य बाईंनी तोंडी कबूल केलंय. नाही झाला तर पुन्हा त्या खिडकीत 'पुढचे या' म्हणत राहायचं. तिला आता ते नकोसं झालंय. बोलत नाही, पण घरी आल्यावर चपला कशा काढते त्यावरून कळतं.

प्रकल्पाचा विषय आहे, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बायका. सात जणींच्या मुलाखती घेऊन, त्या ऐकून उतरवून काढल्या आहेत. खरी नावं लिहायची नाहीत, ओळख पटेल अशा गोष्टी बदलायच्या, असा नियम आहे म्हणे. म्हणून बाई क, बाई ख, बाई ग अशी बाराखडी. आधी मला वाटलं मुळाक्षरांचं पुस्तक आहे.

मी छापखान्यात जन्म काढला, मुद्रितशोधक म्हणून. लोकांना वाटतं हा ऱ्हस्व-दीर्घ बघणारा माणूस. किती लेखकांची लंगडी वाक्यं मी धडधाकट करून बाहेर काढली, ते त्या लेखकांनाही ठाऊक नाही. नाव त्यांचं, डोळे माझे. चांगल्या मुद्रितशोधकाचा हात दिसता कामा नये, हे आमच्या वस्तादांचं सांगणं. मी ते पाळलं. एकाही पुस्तकात माझा उल्लेख नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

७ जानेवारी

बायका काय बोलतात हो. वाक्य सुरू एकीकडे होतं आणि संपतं भलतीकडे, कधी संपतच नाही. बाई ख म्हणते, "झोप नाही काय नाही, नुसतं हे दे ते दे, मी माणूस आहे का कोण आहे, आणि परत भाजी खारट." आता भाजीचा इथे काय संबंध? मी केलं, "अपुरी झोप आणि सततच्या मागण्या यांमुळे माझं माणूसपणच हरवल्यासारखं वाटे." वाचल्यावर कसं वजन आलं. भाजी काढून टाकली.

शुद्धलेखन म्हणजे नुसत्या वेलांट्या नव्हेत. वाक्य शुद्ध नको का? कळकट कपड्याला इस्त्री करून काय उपयोग, आधी धुवायला नको? सूनबाईला हे समजत नाही, कारण ती या धंद्यात नाही. तिला कळणारही नाही आणि कळूही नये.

चिरंजीव दोनदा जेवायला बोलवायला आले. म्हटलं, एवढं पान होऊ दे, येतोच. गेलो तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं. कित्येक वर्षांनी भूक विसरून काम केलं. लाल पेनाची शाई संपत आली, उद्या नवीन आणली पाहिजे.

१० जानेवारी

आज बाई ग. हिने माझं डोकं फिरवलं.

ही लग्न झालेली मुलगी, आईच्या आजारपणात माहेरी येऊन राहिली. ठीक. पण बोलते काय? "मला आईचा कंटाळा आला होता. खरं सांगते. ती गेली तेव्हा आधी मला झोप लागली, मग उठल्यावर रडू आलं." आता ही काय सांगायची गोष्ट आहे? पुढे वडिलांवर घसरली. "वडील शेजारच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसायचे. आईला कूस बदलायला एकटीने जमायचं नाही. हाक मारली की म्हणायचे, एवढं होऊ दे, येतोच. तेवढ्यात मी करून टाकायचे. मग ते यायचे आणि म्हणायचे, झालं का? बरं झालं."

मुलगी फटकळ आणि बाप तिच्याहून वरताण. बायको मरणाच्या दारात आणि हा गृहस्थ रेडिओ उघडून बसलाय. अशी माणसं असतात खरी. पण प्रश्न असा, की विषय काय? विषय शुश्रूषा करणाऱ्या बायका. म्हणजे वडिलांचं रेडिओपुराण विषयाला सोडून झालं. ते सबंध खोडलं. कंटाळ्याच्या जागी 'थकवा' केलं. झोपेचं वाक्य काढावं की ठेवावं यात अर्धा तास गेला, शेवटी काढलं. तिच्याच भल्यासाठी. उद्या कुणी वाचलं तर काय म्हणेल.

आमची ही अंथरुणाला होती तेव्हा आमची लेक, ताई, येऊन राहिली होती, वर्षाला थोडे दिवस कमी. नोकरी सोडून आली. मला घरी बसूनच कामं करावी लागत होती, औषधपाण्याला पैसा लागत होता. पण दोघांनी मिळून निभावलं. आमची ताई जन्मात असं बोलली नसती. तिच्या तोंडून मी कधी हूं की चूं ऐकलं नाही.

१५ जानेवारी

सूनबाईने माझे सगळे बदल टाइप करून प्रकल्प कॉलेजात दिला. तिला वेळच नव्हता. दवाखान्यात साथीची गर्दी आणि शेवटची तारीख डोक्यावर. गठ्ठा परत देताना पाहून म्हणाली, "बाबा, सगळं लालच लाल केलंत की." म्हटलं, होळी समज. ती काही वेळ एका पानाकडे बघत राहिली, मग तसंच टाइप करायला बसली.

वाचून पाहिलं. झकास झालंय. कुठेही खडा लागत नाही.

२ फेब्रुवारी

ताई आली होती. तिच्या हातचा चहा घेत गप्पा मारल्या, म्हणजे मी मारल्या. सध्या काय चाललंय म्हणाली, तर सूनबाईच्या प्रकल्पाचं सांगितलं. सूनबाई घरात नव्हती. ओघात त्या बाई ग चा किस्साही सांगितला. म्हटलं, एकेक मुली असतात बघ. सख्ख्या आईचा कंटाळा आला म्हणते. तुझ्यासारखी लेक मिळायला नशीब लागतं.

ताई कपात बघत होती. म्हणाली, "ती एवढंच म्हणाली?"

"वडिलांबद्दलही बरंच होतं. ते मी काढलं."

"का काढलंत?"

"विषयाला सोडून होतं."

ती हसली. तिचं ते हसणं मला नीट कळलं नाही. "हो," म्हणाली, "ते विषयाला सोडूनच असतं." मग उठून कप विसळत राहिली. दोनच कप होते, पण बराच वेळ नळ चालू होता. राहणार होती संध्याकाळपर्यंत, पण डोकं दुखतंय म्हणून लगेच निघाली. चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळे दाखवून घे असं दारात सांगितलं.

९ फेब्रुवारी

गडबड झाली आहे. काय झालंय ते मला अजून धड कळलेलं नाही, म्हणून जसं कळलं तसं लिहितो.

कॉलेजच्या मार्गदर्शक बाईंनी सूनबाईला बोलावून विचारलं, या मुलाखती खरंच घेतल्या का? म्हणजे, सात बायका आणि तोंड एकच. शेवटच्या तक्त्यात लिहिलंय की बाई ख चौथीत शाळा सोडलेली, आणि ती बोलते 'माणूसपण हरवल्यासारखं वाटे'. कुठल्यातरी पुस्तकातून उचललं असेल किंवा घरी बसून रचलं असेल, असा संशय. आता समितीपुढे जायचं. सिद्ध झालं तर प्रकल्प रद्द, वर्ष वाया आणि शेरा पडणार तो वेगळाच. असा शेरा घेऊन आलेल्या बाईला कुठलं रुग्णालय रोग्याजवळ बसवेल?

गंमत म्हणजे कॉलेजात एक यंत्र आहे. लिखाण त्यात घातलं की कुठून काय उचललं ते सांगतं. त्याने काहीच उचललेलं नाही असा निर्वाळा दिला. मग चोरी कुठे आहे? माल कुणाचा गेला नाही, तक्रार कुणाची नाही, तरी चोर पकडायला निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सूनबाई जेवली नाही. चिरंजीव माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे.

१० फेब्रुवारी

तिला म्हटलं, मी येतो कॉलेजात. सरळ सांगतो, बाई, ही भाषा माझी आहे. एकही शब्द कुठून घेतलेला नाही. सगळा माझ्या डोक्यातला. झालं, मिटलं.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा, तेच तर चुकलंय."

"माझी भाषा वापरली तर चोरी कशी? मी स्वतःहून दिली ना. दिलेल्या वस्तूची चोरी होत नाही."

"माझ्या नावावर तुमची वाक्यं गेली, ते एक. पण ते सोडा. मुलाखतीतलं बोलणं माझंही नव्हतं आणि तुमचंही. ते त्या बायकांचं होतं. त्या जसं बोलल्या तसं, हाच माझा सगळा अभ्यास. ज्यांचं सगळं करायचं तेच वर भाजी खारट म्हणतात, हे बाई ख सांगत होती. तुम्ही वाक्य नीट केलं नाहीत, बाई बदललीत."

मी म्हटलं, मग टाइप करताना बघायचं होतंस.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बघितलं होतं. म्हणूनच तुमच्यावर चिडता येत नाहीये मला. वाचायला छान वाटत होतं. वाटलं, असं दिलं तर मार्क जास्त पडतील. आणि ग चं जे खोडलं होतं ना, ते गेलं तर घरात बरंच आहे, असंही वाटलं."

"कुणाच्या घरात?"

ती उठून आत गेली. दूध उतू जातंय म्हणाली. गॅस बंद होता, मी पाहिलं नंतर.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आता काही करू नका. प्लीज. बसा." मला माझ्याच घरात असं खुर्चीवर कुणी कधी बसवलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

आणखी एक भानगड. बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, की बाई ग चा किस्सा मी ताईला सांगितला होता. सूनबाईने हातातलं काम सोडलं. "काय काय सांगितलंत?" तिने शब्द न् शब्द विचारला. मी काय म्हणालो, ताई काय म्हणाली, हसली ती कशी हसली.

म्हटलं, ताई काय परकी आहे? घरातलीच ना?

"बाबा, ती पानं तुम्हाला वाचायला देणंच चूक होतं माझी. त्या बायकांना मी शब्द दिला होता, की कॉलेजबाहेर कुणी वाचणार नाही. आणि मी घरात वाटत सुटले." तिला रडू आलं.  पाणी आणून दिलं. छापखान्यात आम्ही डॉक्टरांची, वकिलांची, कुणाकुणाची पानं वाचली. पण वाचून विसरायचो. हे विसरणं इतकं महत्त्वाचं होतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

आज दिवसभर एकच विचार. मदत कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते? वेलांटी दुरुस्त केली तर मदत. शब्द बदलला तर? वाक्य? माझ्या वेळी असल्या रेघा कुणी ओढून दिल्या नव्हत्या. लेखक स्वतःच म्हणायचे, तुम्ही बघून घ्या हो. आणि मी बघून घ्यायचो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सोडून द्यावं तर मारुतीची परीक्षा सूनबाईला द्यायची आहे.

१७ फेब्रुवारी

समितीने सांगितलं, मुलाखतींचं मूळ रेकॉर्डिंग दाखवा. मार्गदर्शक बाई एकट्या ऐकतील. पण त्यासाठी प्रत्येकीची पुन्हा परवानगी हवी. सूनबाई दवाखान्यातून आल्यापासून फोनवर आहे. सहा जणी हो म्हणाल्या. बाई ख म्हणाली म्हणे, ऐकवा की, मी काय कुणाला घाबरते काय.

सातवीशी बोलायला ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. दार नीट लागत नाही आमचं, सुतार येतो येतो म्हणून आला नाही. कान देऊन ऐकलं नाही, पण कानावर पडलं. "नाही हो, त्यांनी वाचलंय, पण त्यांना कळलं नाही... हो, ते पान मी काढून ठेवायला हवं होतं, चुकलंच माझं... नाही, मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तर तुमची मुलाखत सबंध काढून टाकते, माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मग बराच वेळ ऐकत होती. आत आली तेव्हा म्हणाली, "ठेव म्हणाल्या."

ज्यांना कळलं नाही ते कोण? मार्गदर्शक बाई असणार. एवढं शिकून त्यांना साध्या मुलाखती कळत नाहीत, मग मुलींना काय शिकवतात देव जाणे.

२० फेब्रुवारी

समितीची बैठक झाली. मार्गदर्शक बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. मुलाखती खऱ्या आहेत हे पटलं. वर्ष वाचलं, पण पुरतं नाही. सगळ्या मुलाखती पुन्हा शब्दशः उतरवायच्या, निष्कर्ष स्वतःच्या भाषेत लिहायचे, ज्या त्या बाईला तिची पानं दाखवून तिची सही घ्यायची, आणि कुणाची कसली मदत झाली ते प्रकल्पात लिहायचं. मार्क मिळतील ते पास होण्यापुरतेच. रुग्णालयातली जागा निकालापर्यंत थांबेल का, ते विचारायची तिची हिंमत होत नाहीये. चिरंजीव म्हणाले, मी विचारतो. ती म्हणाली, नको, आता माझं मी विचारीन.

समितीला माझी लाल पानंही हवी आहेत, किती ढवळाढवळ झाली ते बघायला. ती लावून द्यायला दुपारी बसलो. क ची, ख ची. ग ची पानं पुन्हा वाचली. खोडलेलं स्वच्छ वाचता येत होतं, मी रेघ नेहमी बारीक मारतो. 'हाक मारली की म्हणायचे, एवढं होऊ दे, येतोच.'

तेवढ्यात चिरंजीवांनी जेवायला हाक मारली आणि मी म्हणालो, "एवढं पान होऊ दे, येतोच."

म्हणालो आणि पान हातातच राहिलं.

जेवायला गेलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही. परत येऊन खुर्चीत बसलो आणि ते चार परिच्छेद वाचत राहिलो. रेडिओ तेवढा सूनबाईने घातलेला. ओळख पटू नये म्हणून. आयुष्यात मी रेडिओचं बटणसुद्धा दुरुस्त केलेलं नाही. बाकी वाक्यं कुणाची आहेत ते मला आता ऐकूच येत होतं. 'खरं सांगते' असं मध्येच म्हणायची सवय. शाळेत असल्यापासूनची.

मी दोन ओळींवरून लेखक ओळखायचो. छापखान्यात पैजा लागायच्या त्यावर. नाव झाकून पान पुढे करायचे आणि मी सांगायचो, हे अमक्याचं. माझ्या लेकीचं पान माझ्यापुढे होतं आणि मी तिला फटकळ म्हणून तिचं बोलणं विषयाला सोडून आहे असं ठरवलं. वर तिलाच ते चहा पिता पिता सांगितलं. डोळे दाखवून घे म्हणालो. लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

खोडलेला मजकूर पुन्हा हवा असेल तर आमच्यात शब्दांखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, 'आहे तसं'. ग च्या पानांवर मी सगळीकडे टिंबं दिली. झोपेखाली, कंटाळ्याखाली, वडिलांच्या सबंध परिच्छेदाखाली. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे कशाला आता? मी रेकॉर्डिंगवरून नवीनच लिहितेय." म्हटलं, असू दे. नियमाप्रमाणे असलेलं बरं.

तिने टिंबं पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारणार होतो. तिनेच हात वर केला. "काही विचारू नका, बाबा. मी सांगणार नाही. निदान एवढं तरी मला धड करू द्या."

मी विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी

आता मोठा घोळ होऊन बसलाय. जे मला कळलंय ते मला कळायला नको होतं. ताईला फोन करून काही बोलावं, तर मी तिचं पान वाचून तिला ओळखलं असं होतं, आणि सूनबाईचा शब्द मोडतो. न बोलावं, तर मी काहीच न कळलेला गाढव म्हणून राहतो. गाढव राहायला हरकत नाही, सवय आहे. पण तिला काय वाटत असेल?

आणि दुसरं. ते तसंच होतं का? मला तर आठवतं की मी सारखा त्या खोलीत जायचो. पाणी दे, उशी सरकव, औषध कुठलं, सगळं सांगायचो, विचारायचो. 'झालं का? बरं झालं' असं मी म्हणालो असेन एखादेवेळी. नेहमी? तिने सांगितलं तेवढ्या वेळा? दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं? माझ्या आठवणीची मुलाखत कुणी घेतलेली नाही. आणि घेतली असती तरी मी ती आधी सुधारून दिली असती, हे आता मला कळतंय.

ताईचाच फोन आला संध्याकाळी. गॅलरीच्या दाराला सुतार मिळाला का, एवढंच विचारलं. म्हटलं, नाही.  मी म्हटलं, "तुझं डोकं?" ती म्हणाली, "बरंय."  मग तिने फोन ठेवला.

२ मार्च

सूनबाई पहाटे उठून लिहिते. मला जाग येते, पण मी खोलीबाहेर येत नाही. काल पाणी प्यायला गेलो तर टेबलावर पान उघडं होतं आणि पहिल्याच ओळीत क्रियापद चुकलेलं. बघितलं आणि बघितलं नाही. पाणी न पिताच परत आलो.

८ मार्च

नवा प्रकल्प तयार झाला. उद्या द्यायचा. सूनबाईने त्यातलं एक पान मला दाखवलं. कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय, 'पहिल्या मसुद्यातील मुलाखतींच्या भाषेत संशोधिकेच्या सासऱ्यांनी बदल केले होते व संशोधिकेने ते तपासून न पाहता स्वीकारले होते. ते सर्व बदल रद्द केले आहेत.' छापखान्यात जन्म गेला, कुठल्या पुस्तकात उल्लेख नाही, आणि झाला तो असा. मला हसू आलं. तिलाही आलं. म्हणाली, "बरोबर आहे ना?" म्हटलं, बरोबर आहे.

रुग्णालयात तिने सगळं सांगून टाकलं, काय झालं ते, लपवाछपवी नाही. मुख्य बाई म्हणाल्या, निकाल येऊ दे, मग बोलू. याचा अर्थ हो की नाही, यावर आम्ही तिघांनी जेवताना बराच खल केला. अर्थ काही लागला नाही.

जेवण झाल्यावर तिने आणखी एक कागद पुढे केला. म्हणाली, "हे बाई ग चं शेवटचं पान. त्यांना वाचायला दिलं होतं सहीसाठी. त्यांनी खाली स्वतःच्या हाताने थोडं वाढवलंय, ते मी टाइप केलं. आणि सांगितलंय, की ज्यांनी लाल पेनाने खोडलं होतं, त्यांनी हे वाचलं तर चालेल. त्यांची परवानगी आहे. तशी चिठ्ठी दिलीय, म्हणून दाखवतेय. नाहीतर दाखवलं नसतं."

मी चष्मा पुसला आणि वाचलं.

'एक राहिलं. एकदा दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली तर वडील आईचे केस विंचरत होते. त्यांना येत नव्हतं, ओढले जात होते, पण आई काही म्हणत नव्हती, डोळे मिटून पडली होती. मी झोपल्याचं सोंग केलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. हे पण घ्या, नाहीतर मी सांगितलेलं खोटं होईल.'

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. मला हे आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. आमच्या हिच्या केसांचं काहीच आठवत नाही, शेवटी शेवटी ते किती राहिले होते तेही नाही. मी कधी फणी हातात घेतली असेन असं मला वाटतच नाही. आठवलं असतं तर मी आधीच दहा जणांना सांगितलं असतं.

सूनबाई वाट बघत होती. "काही बदल?" म्हणाली. प्रत्येकीला पान दाखवल्यावर तिला हे विचारावंच लागतं, सवयीने गेलं तोंडातून.

सूनबाईला सांगावंसं वाटलं, की हे मला आठवत नाही, बाई ग चा काहीतरी गोंधळ झालाय. पण ते सांगितलं की तो रेडिओवाला मी, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि लेकीने त्या दुपारी जे पाहिलं ते लिहिलं आहे. बापाला आठवत नाही, हा काही त्याविरुद्ध पुरावा होत नाही.

"नाही," म्हटलं, आणि पान तिला परत दिलं.